तिथलं तिथंच

"मला भ्या वाटतंय, आप्पा," महेंद्र फोनवर म्हणाला, आणि गच्चीवर चादर वाळत घालणारी गौतमी चादरीच्या अलीकडं तशीच उभी राहिली. दोरीवर ओली चादर, तिच्या पलीकडं पाण्याच्या टाकीला टेकून तिचा नवरा. त्याला वाटत होतं, आपण एकटेच आहोत. सकाळची वेळ होती. दौंड स्टेशनात कुठलीतरी गाडी उगाच शिट्ट्या मारत उभी होती, त्यामुळं मधले काही शब्द वाहून गेले. पण जेवढे आले तेवढे पुरेसे होते. कंपनीत कुणीतरी मुलगा झाल्याची पार्टी ठेवली होती. महेंद्र गेला नव्हता, पण न जाताच त्याच्या जिभेला चव आली होती. "पाण्याला बी तीच चव लागतीया, आप्पा. हात कापतोय. मला भ्या वाटतंय." पलीकडून शिरूरचा म्हातारा काहीतरी बोलला. महेंद्र ऐकत राहिला, मग त्यानं नाक ओढलं, आणि मग चक्क हसला. चादरीच्या टोकातून पाणी गळून गौतमीच्या पायावर पडत होतं. खाली आल्यावर त्यानं नेहमीसारखा चहा मागितला. "काय म्हणत होते आप्पा?" तिनं विचारलं. "काय न्हाई. असंच," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतून फुंकर घालत बसला.

सतरा वर्षांच्या संसारात ह्या माणसानं तिला काय काय ऐकवलं नव्हतं! शिव्या ऐकवल्या होत्या, आणाभाका ऐकवल्या होत्या, पाय धरून रडला होता, उद्यापासून बंद म्हणाला होता, आणि तो उद्या कॅलेंडरात कधी छापलाच गेला नव्हता. पण भीती वाटते, हे तो कधी म्हणाला नव्हता. लेक मोनाली लहानपणी काविळीनं पिवळी पडली तेव्हा नाही, त्याची आई सोजरबाई पुण्याच्या दवाखान्यात शेवटचे श्वास मोजत होती तेव्हाही नाही. गौतमीनं तर धरूनच ठेवलं होतं की ह्या पुरुषाला भीती नावाचा अवयवच नाही. आणि तो होता. सगळा शाबूत होता, फक्त शिरूरच्या म्हाताऱ्यासाठी राखून ठेवलेला होता. तिला मत्सर वाटला. रुसवा नव्हे, दुःखही नव्हे. घशाखाली आंबट पाणी यावं तसा उघडानागडा मत्सर. दुसरी बाई असती तर निदान झिंज्या तरी धरता आल्या असत्या. ह्या सवतीला पांढऱ्या मिशा होत्या, डोक्यावर टोपी होती, आणि वर सगळी आळी म्हणत होती की त्या देवमाणसानं तुझा नवरा वाचवला बाई, त्याचे उपकार विसरू नको.

वाचवला, हे खरंच होतं. जवळजवळ वर्ष झालं, महेंद्र प्यायला नव्हता. पण त्याबरोबर गौतमीची एक विद्याही बुडाली होती. फाटकाच्या कडीचा आवाज ऐकून तिला कळायचं, किती घेतलीय. कडी एकदाच वाजली तर थोडी, दोनदा चुकून वाजली तर बरीच, आणि कडी न वाजता फाटकच थरथरलं तर मोनालीला शेजारी पाठवायचं. कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. पट्ट्यावरून सरसर जाणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांत एखादा कप्पा रिकामा राहिला असेल तर तो नजरेनं टिपायचा, एवढंच तिचं काम. घरीही तेच. चेहऱ्यावरचा, बोलण्यातला, चालण्यातला रिकामा कप्पा ती लांबून टिपायची. विहारात वंदनेला सगळे उभे राहायचे तेव्हा महेंद्र पाचवं शील सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं; आणि त्याच्या तोंडाचा वास पुढच्या रांगेपर्यंत जाऊ नये म्हणून गौतमी त्याच्या पुढं उभी राहायची, स्वतःच्या केसांत गजरा माळून. आता कडी रोज एकाच आवाजात वाजत होती. गजरा घालायचं कारण उरलं नव्हतं. सतरा वर्षं शिकलेलं सगळं एका फटक्यात बिनकामाचं झालं होतं आणि ह्याबद्दल कुणी हळहळायचं सोडाच, सगळे तिचं अभिनंदन करत होते.

आणि गंमत अशी, की ह्या म्हाताऱ्याच्या ओटीत नवरा घातला तो तिनंच. दारू सोडलेल्या माणसांच्या मीटिंगा असतात, ती माणसं आठवड्याला जमून एकमेकांना आपली कर्मकथा सांगतात आणि त्यानं सुटते, असं कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. आधी दौंडातलीच मीटिंग शोधली. महेंद्र एकदा गेला. तिथं बसलेल्यांतले दोघे त्याचे जुने बसणारेच निघाले. तिघांनाही एकमेकांना बघून इतका उमाळा आला की मीटिंगनंतर ते तिघं थेट गुत्त्यावर गेले. मग यवत. यवतची माणसं चांगली होती, पण खोली ढाब्याच्या मागं. आत एकजण आपलं आयुष्य कसं धुळीला मिळालं ते सांगतोय आणि बाहेरून फोडणीचा नि ग्लासांचा आवाज येतोय. महेंद्र म्हणाला, "तिथं बसलं की घसा जास्तच कोरडा पडतो." तिसऱ्यांदा गौतमीनं दौंडच्या एसटी स्टँडवर, बाकाच्या पाठीला चिकटवलेल्या कागदावरचा शिरूरच्या गटाचा नंबर बघून स्वतः फोन लावला. "बोला ताई," पलीकडचा आवाज म्हणाला. ती बोलत सुटली. आवाजानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "ताई, आता त्यांला लावू द्या फोन. तुमी न्हाई लावायचा." तेव्हा तिला ते बरं वाटलं होतं, खांद्यावरची पाटी उतरल्यासारखं. महेंद्र गेला, आणि शिरूर त्याला मानवलं. इतक्या लांब त्याला कुणी ओळखत नव्हतं, कदाचित म्हणूनच तिथं तो स्वतःची ओळख सांगू शकला. पहिल्या दिवशी परत आला तेव्हा ती दारातच उभी होती. "काय बोललात तिथं?" तिनं विचारलं. तो बूट काढत म्हणाला, "तिथलं तिथंच ठिवायचं असतं. नियम हाय."

त्या नियमाला एक वर्ष झालं होतं. वर्षभर दर रविवारी तो तिथं जाऊन स्वतःला उलगडत होता आणि घरी घडी घालून परत येत होता. पीत होता तेव्हा निदान सगळा तिच्या अंगावर तरी सांडायचा. आता हौसराव आप्पांनी हे सांगितलं, हौसराव आप्पांनी ते सांगितलं. आप्पा बागायतदार, ऊसवाले, गटातले सगळ्यांत जुने. नव्या माणसाला सांभाळायला एक जुना जोडून देतात तसे ते महेंद्रला मिळालेले. मीटिंगनंतर ते त्याला घरी जेवायला नेत. आपल्याच ताटाशेजारी ताट मांडायला लावतात, हे महेंद्रनं सांगितलं तेव्हा गौतमीला सासू आठवली. सोजरबाई गावात अशाच वाड्यांच्या पायरीखाली उभी राहून भाकरीचा तुकडा पदरात घ्यायची आणि घरी येऊन चुलीपुढं मुकाट बसायची. तिचा लेक आता त्या पंक्तीला बसतो, ह्याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही; पण आनंदाच्या मागोमाग आलं ते असं, की मग मी का नाही त्या पंक्तीला? मला कोण जोडून दिलंय? आपलं मन असं कोतं झालेलं बघून तिला स्वतःची शिसारी आली आणि तरी मन काही मोठं झालं नाही.

बाटली तिला एप्रिलमध्ये सापडली होती. जयंतीसाठी माळ्यावरून निळ्या झेंड्यांची पेटी काढली, तर झेंड्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली, सीलबंद क्वार्टर. जुन्या दिवसांतली. लपवून तोच विसरला असणार. पूर्वी अशी सापडली की ती मोरीत रिकामी करायची, शिव्या घालत. ह्या वेळी तिनं ती पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि आपल्या साड्यांत ठेवली. का, ते तिला सांगता आलं नसतं. मधूनच साडी काढताना हाताला काच लागायची आणि तिला उगीच धीर यायचा. गच्चीवरच्या त्या सकाळी, महेंद्र आंघोळीला गेल्यावर, तिनं बाटली काढली आणि त्याच्या दाढीच्या ब्रशशेजारी, आरशाच्या फळीवर ठेवली. गॅसवर दूध होतं. दूध वर येईपर्यंत ती त्या बाटलीकडं बघत उभी राहिली. आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. हात कापत असलेला माणूस बाहेर येईल, हिला बघेल, आणि आज रात्री फाटकाची कडी दोनदा वाजेल. मग कुणाला हाक मारेल तो? शिरूर लांब आहे. दूध उतू गेलं. गॅस विझला त्या आवाजानं ती भानावर आली आणि बाटली उचलून तिनं पर्समध्ये कोंबली. महेंद्र टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि म्हणाला, "दूध गेलं व्हय? जाऊ दी. रविवारी शिरूरला यायचं तुला. माझा वाढदिवस हाय. आप्पांनी सांगितलंय, वहिनींच्या हातनंच मेडल द्यायचं."

वाढदिवस म्हणजे न पिण्याचा. दारू थांबली तो दिवस ही माणसं नवा जन्म धरतात, वर्ष भरलं की घरच्यांना बोलावून उघडी मीटिंग भरवतात, आणि घरचं माणूस त्याच्या हातात मेडल देतं. जन्म त्यांनी दिला, बारसं त्यांनी केलं, आणि मी फक्त मेडल द्यायला, गौतमीच्या मनात आलं. तरी ती नवी साडी नेसली. मोनालीची परीक्षा होती म्हणून ती दोघंच मोटरसायकलवरून निघाली. पर्स तिनं पोटाशी धरली होती. बाटली घरी ठेवायची तर मोनालीच्या हाती लागेल, आणि वाटेत फेकायला हात धजावत नव्हता. रस्ताभर महेंद्र खुशीत होता. इथं आप्पांची गाडी पंक्चर झाली होती, इथं एकदा थांबून त्यांनी पेरू खाल्ले होते. तिच्या नवऱ्याच्या आयुष्यात आता असा एक अख्खा रस्ता होता, ज्याच्यावर ती आज पहिल्यांदाच चालली होती.

मीटिंग एका शाळेत होती, लहान मुलांच्या. आधी तासभर फक्त गटातल्या माणसांचं बोलणं, मग घरच्यांना आत घेणार. "तू हितं व्हरांड्यात बस, बायका येतील," असं सांगून महेंद्र आत गेला आणि दार लागलं. गौतमी व्हरांड्यात बसली, उठली, घड्याळाखालच्या सुविचाराच्या फळ्याकडं बघून घेतलं, आणि मग हळूच त्या वर्गाच्या बंद खिडकीशी जाऊन तिनं कान लावला. आतून पुटपुट ऐकू येत होती. कुणीतरी बोलत होतं, एका सुरात, मग सगळे एकदम हसले. त्या हसण्यात महेंद्रचं हसणं तिला वेगळं काढता आलं आणि ते ऐकून तिच्या पोटात आग पडली. शब्द मात्र एक कळत नव्हता. तिनं गाल अजून दाबला. खिडकीच्या लोखंडाला गंजाचा वास होता.

"तिथनं काय ऐकू येत न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं. "मी दोन वर्सं ऐकलंय. फळीला पान्याचा ग्लास लावून बी बघितला." गौतमी दचकून मागं फिरली. नऊवारीतली, चष्मा लावलेली एक म्हातारी हातात चहाची किटली घेऊन उभी होती. "म्या साखरबाई. हौसरावांची बायको," ती म्हणाली. "तू महेंद्राची ना? ती खिडकी सोड. आपलं हिकडं हाय, शेजारच्या खोलीत."

हिच्याबद्दल गौतमीनं वर्षभरात एकदाही विचार केला नव्हता. आप्पांना बायको असेल, आणि महेंद्रचे फोन वाजतात तेव्हा त्या बायकोच्या हातातही एखादी चादर असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या खोलीत लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर पाच-सहा बायका गुडघे वर काढून बसल्या होत्या. पिणाऱ्यांच्या बायका, एकीचा मुलगा पिणारा. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. ज्या बोलायच्या त्या आपलं नाव सांगून बोलत, बाकीच्या चहा पीत ऐकत. एकजण म्हणाली, नवरा पिऊन आला की आता ती भांडत नाही, भांडी घासते. दुसरी म्हणाली, मुलगा सुधारलाय पण तिला झोप येत नाही, कारण जागायची सवय मोडत नाही. गौतमीनं ठरवलं होतं, आपण गप्प बसायचं. मग तिच्याकडं सगळ्यांनी बघितलं, नुसतं बघितलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "माझं नाव गौतमी. माझ्या पर्समधी बाटली हाय."

पंखा फिरत होता. "ती त्यांच्यासाठी हाय," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला. "मला वाटतं त्यांनी प्यावी. एकदाच. म्हंजी ते परत माझ्याकडं येतील. प्याले की त्यांला मीच लागायचे. आता सगळं आप्पांना सांगत्यात. भ्या वाटलं तर आप्पांना सांगत्यात. मला चहा मागत्यात." एवढं बोलून तिला रडू कोसळायला हवं होतं, पण रडू आलं नाही, राग आला, तो सरळ किटली घेऊन बसलेल्या साखरबाईकडं बघून आला. साखरबाईनं किटली खाली ठेवली.

"तू निस्ती पर्समधी ठिवलीस," ती म्हणाली. "म्या ग्लासात वतून दिली हुती. आमचं येडं आठ म्हैनं कोरडं हुतं, अन् रोज सांजच्याला कुनाकुनाच्या घरी जाऊन बसायचं, ह्याला समजव, त्याला समजव. माझ्याशी बोलायला तोंड न्हाई. एक दिवस पाव्हनं आलं हुतं, त्यांची उरल्याली वतली, आन् म्हनलं, घ्या, एवढ्यानं काय हुतंय. घेतली त्यांनी. रातभर माझ्या मांडीवर डोकं ठिवून पडलं हुतं. लई बरं वाटलं बघ मला." ती चष्मा काढून पदरानं पुसायला लागली. "मंग चार वर्सं उतरली न्हाई."

साखरबाई तिच्याबरोबर बाहेर आली, पण बाटलीला हात लावला नाही. नळ मुलांच्या उंचीचे होते, गौतमीला कंबरेत वाकावं लागलं. सील कडकन मोडलं. वास वर आला आणि तिला एकदम मोनालीच्या जन्माची रात्र आठवली, दवाखान्याच्या जिन्यावर महेंद्र हाच वास घेऊन नाचला होता, आणि तीही हसली होती. तिनं बाटली उलटी धरली. हातावर सांडलं, पायावर सांडलं. साबण नव्हता. तिनं नुसत्या पाण्यानं हात चोळले, साडीला पुसले, तोवर आतून हाक आली.

उघड्या मीटिंगला मोठा वर्ग होता. हौसराव आप्पा तिला वाटले होते त्याहून बारके निघाले. कानात यंत्र, टोपी खिशात. महेंद्र पुढं उभा राहिला, मी महेंद्र, मी दारुडा आहे, म्हणाला आणि सगळ्यांनी त्याला एका सुरात नमस्कार केला. मग तिला बोलावलं. आप्पांनी मेडल तिच्या हातावर ठेवलं, ती महेंद्रसमोर गेली, आणि हात पुढं केला तेव्हा तिच्या लक्षात आलं. ह्या खोलीतलं एकेक नाक आयुष्यभर तयार झालेलं होतं. महेंद्र मेडल घ्यायला वाकला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि टाळ्या वाजू लागल्या. तिनं बोलायचं ठरवून आणलेलं सगळं विसरून "त्यांची काळजी घ्या" एवढंच म्हटलं, आणि लग्नात पाठवणी करताना म्हणतात तसं ते म्हटल्याबद्दल सगळे हसले. महेंद्र हसला नाही.

परत येताना न्हावऱ्याच्या पुढं एका रसवंतीशी त्यानं गाडी थांबवली. आत कुणी नव्हतं, घुंगरं वाजवत चरक फिरत होता. रसाचे ग्लास समोर आले तरी त्यानं हात लावला नाही. "तुझ्या हाताला वास येत हुता," तो म्हणाला. "अजून येतोय. आत काय झालं? तू काय बोललीस त्या बायकांत?"

"तिथलं तिथंच," गौतमी म्हणाली.

शब्द बाहेर पडल्यावर तिला कळलं, आपण काय म्हणालो. महेंद्र तिच्याकडं बघत राहिला. तिच्या डोळ्यांकडं, ओठांकडं, हाताकडं. तिची मान सरळ आहे की कलतेय, जीभ जड आहे की हलकी, सगळं तो चाचपून बघत होता. रिकामा कप्पा शोधत होता. हा चेहरा तिनं सतरा वर्षं आरशात बघितला होता. वर्षभर तिला हेच हवं होतं, की त्यालाही एकदा बंद खिडकीला कान लावून उभं राहावं लागावं. ते आता झालं होतं, आणि त्यात काही गोडी नव्हती. त्यानं खिशातून फोन काढला. लावणार आता शिरूरला, तिला वाटलं. पण त्यानं तो टेबलावर पालथा ठेवला.

"मला भ्या वाटतंय गं," तो म्हणाला.

किती दिवस तिनं ह्या वाक्याची वाट बघितली होती! तिला वाटलं होतं, ते मिळालं की पोटातली आग विझेल. पण चुलीवरचं पातेलं कुणी फडक्याशिवाय हातात द्यावं तसं ते आलं. टाकवेना आणि धरवेना. हे ओझं म्हातारा रोज सकाळी कसं घेत असेल, आणि घेऊन वर त्याला हसवत कसा असेल, हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि ते कळल्यावरही त्या म्हाताऱ्याचा थोडा राग आलाच.

"म्या प्याले न्हाई," ती म्हणाली. "तुमचीच जुनी हुती एक, माळ्यावरची. वतून टाकली. बाकीचं तिथलं तिथंच."

त्यानं ग्लास पुढं ओढला. मग मान हलवली. "वासानं तोंडाला पानी सुटलं माझ्या," तो म्हणाला. "मेडल घेताना."

गौतमीनं पालथा फोन उचलून सुलटा केला आणि त्याच्यासमोर सरकवला. हातावरचा वास तिला स्वतःलाही येत होता.

"आधी मला सांगितलंत ना?" ती म्हणाली. "आता लावा आप्पांना."